पांढऱ्या अक्षरांतली ओळ

५ नोव्हेंबर

आज एकदाचा आलो. पेटी पलंगाखाली ढकलली, चष्मा पुसला आणि आधी दार आतून लावून पाहिलं. कडी नीट बसते. स्वतःची कडी असलेली खोली मला सात वर्षांनी मिळाली आहे. वृद्धांच्या वसतिगृहात एका दालनात अठरा खाटा होत्या आणि माझी बरोबर मधली, म्हणजे दोन्हीकडून घोरणं.

ही खोली भाच्याच्या ऑफिसच्या मागे आहे. एक पलंग, एक टेबल, मागच्या बोळात उघडणारी एकच खिडकी. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. बहीण गेली, पण त्याने मामाची आठवण ठेवली. दारातच म्हणाला की मामा, आता म्हातारपणी तुम्हाला नोकरी लावतो, बघा कसे फेमस होता ते. मी म्हटलं, अरे, मी सातवी पास, जन्मभर लिफ्टमन. सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं तरी आपण तळमजल्यावरच. तो खूप हसला आणि म्हणाला, हेच, हेच लिहायचं मामा.

ही वही सूनबाईने, म्हणजे भाच्याच्या बायकोने दिली. म्हणाली, रोज थोडं लिहा, हात चालता राहील. पोर गुणी आहे. पाणी आणून ठेवते ते झाकून ठेवते.

पलंगावर गादी मऊ आहे. इतकी मऊ गादी, काही चुकलं तर परत काढून घेतील असं उगाच वाटत राहतं.

७ नोव्हेंबर

काम समजलं. भाच्याचा ब्लॉग आहे, ‘आजोबांचा अनुभव’. कंपन्या त्यांच्या वस्तू पाठवतात, आपण त्यांच्याबद्दल लिहायचं, लोक वाचतात आणि विकत घेतात. लिहिण्याचे पैसे कंपनी देते. मी पानावर पेनाने लिहायचं, सूनबाई ते टाइप करणार. माझा फोटोही काढला. स्वेटर घालून, गालावर हात ठेवून. मी जन्मात कधी गालावर हात ठेवून बसलो नव्हतो.

सूनबाईने एक गोष्ट दोनदा बजावली. पैसे घेऊन लिहिलं असेल तर लेखाच्या डोक्यावर तसं सांगावं लागतं, तो नियमच आहे. ‘या लेखासाठी मोबदला घेतला आहे.’ एवढी एक ओळ.

मी लेख उघडून पाहिले, ओळ कुठेच दिसेना. भाच्याने मिशीत हसत माउस माझ्या हातात दिला आणि मथळ्याखालच्या कोऱ्या जागेवरून ओढायला लावला. निळा पट्टा उमटला आणि त्यात ती ओळ! पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. म्हणे, मामा, नियम पाळला की नाही? ओळ आहे. दिसावीच असं कुठे लिहिलंय? ती ओळ दिसली तर कंपनी निम्मेच पैसे देते, आणि लोक पुढे वाचतच नाहीत.

सूनबाई उठून चहा करायला गेली.

मला ते खटकलं. पण माझं शिक्षण ते किती.

१२ नोव्हेंबर

पहिला लेख झाला. गुडघ्याला बांधायचा पट्टा. पट्टा खोक्यातच आहे, मी बांधलेला नाही, माझे गुडघे देवाच्या दयेने बरे आहेत. भाचा म्हणाला, बांधून कशाला बघायचा, नुसतं मनात आणा. म्हणून मी मनात आणलं आणि लिहिलं की एकदा बांधला की दिवसभर सोडवतच नाही, जणू आपल्याच अंगाचा भाग. भाच्याने पाठ थोपटली. शाळेत माझी पाठ कोणी थोपटली नव्हती, फोडली होती.

खाली लोक लिहितात, त्याला कमेंट म्हणतात. एका बाईंनी लिहिलं आहे. निवृत्त शिक्षिका आहेत. म्हणतात, आजोबा म्हणवत नाही, तुम्ही माझ्याच वयाचे असाल, मी भाऊ म्हणते. पुढे माझ्या दोन चुका दाखवल्या आहेत आणि शेवटी ‘प्रयत्न चांगला’ असा शेरा. मी ते तीनदा वाचलं.

१९ नोव्हेंबर

कानाच्या मशीनवर लेख. मला व्यवस्थित ऐकू येतं. लिहिलं, कानात घातल्यापासून भिंतीपलीकडची कुजबूजही स्पष्ट कळते.

बाईंची कमेंट आली. या वेळी एकच चूक. त्यांनी यजमानांसाठी तो गुडघ्याचा पट्टा मागवला आहे. यजमान फार चिडचिड करतात, पण भाऊंचं नाव सांगितल्यावर बांधून घेतला म्हणे. माझं नाव तर त्यांना ठाऊकही नाही. तरी छाती फुगली आणि लगेच आतून काही तरी कुरतडल्यासारखं झालं.

२८ नोव्हेंबर

थंडी वाढली. आज खोली तापवायचा गॅसचा हीटर आला. भाचा म्हणाला, मोठी कंपनी आहे, मामा, या लेखात जीव ओता. हीटर माझ्याच खोलीत ठेवला आहे, पण पेटवलेला नाही. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं आहे की हवा खेळती ठेवावी. मी भाच्याला दाखवलं. तो म्हणाला, ते खोक्यावर आहे ना, मग आपण कशाला परत लिहायचं?

दुपारभर शब्द सुचेनात. लेख फिका वाटायला लागला. वाटलं, हा आवडला नाही तर परत त्या अठरा खाटा. मग कोणी सांगितलं नसताना मी आपल्या मनाने एक वाक्य घातलं. ‘दार-खिडकी घट्ट लावून, हीटर चालू ठेवून मी निवांत झोपतो आणि सकाळी ताजातवाना उठतो.’

भाच्याला तेच वाक्य सगळ्यात आवडलं. त्याने ते ठळक केलं. वरची ओळ अर्थात पांढरी.

९ डिसेंबर

बाईंनी हीटर घेतला. लिहितात, यजमानांना थंडी सोसत नाही. खिडकी लावून झोपायचं मनाला पटत नव्हतं, थोडी फट ठेवत होते, पण भाऊ, तुम्ही स्वतः झोपता म्हणता म्हणून विचारते. लावू ना?

धावत भाच्याकडे गेलो. तो फोनवर होता. फोनवर हात ठेवून म्हणाला, लिहा, निर्धास्त राहा. मी म्हटलं, अरे पण. तो म्हणाला, मामा, पण म्हणायला मी तुम्हाला ठेवलं नाही.

सूनबाई बाहेर गेली होती. मी एकेक अक्षर शोधून स्वतः टाइप केलं. निर्धास्त राहा. पाठवायचं बटण मीच दाबलं.

१४ डिसेंबर

हीटरच्या लेखाखाली एका माणसाने लिहिलं आहे. माझे आई-वडील परवा सकाळी उठलेच नाहीत. खिडकीच्या फटीत आईने चिंध्या कोंबल्या होत्या. तिच्या उशाशी तुमचा लेख छापून ठेवलेला होता.

आई म्हणजे बाई.

भाच्याने ते पुसून टाकलं. पुसताना म्हणाला, चला, दोन वाचक कमी झाले. नंतर माझा चेहरा पाहून म्हणाला, गंमत केली हो.

जेवलो नाही. हा पोर पडला की मी याला कडेवर घेऊन उगी करायचो.

१६ डिसेंबर

पट्ट्याच्या लेखाखाली एक कोरी कमेंट आली आहे. तारीख आहे, वेळ आहे, आत काहीच नाही. सूनबाई म्हणाली, बिघाड असेल. ती गेल्यावर मी माउस ओढला. कोरी जागा निळी झाली. आत पांढरी अक्षरं.

‘भाऊ, लिहिलंत ते करून दाखवा.’

१७ डिसेंबर

दुपारी डोळा लागला होता. उठलो तर पट्टा पायात. खोक्यातला. खोकं फळीवर जसंच्या तसं, वरची चिकटपट्टीही तशीच. मी सोडवायला गेलो, त्याला टोकच नाही. सगळीकडून सलग. कातडीखाली गेल्यासारखा.

सूनबाईची कात्री घेतली. कात्री मोडली.

सूनबाईला खरं सांगितलं. सगळं, ते बटण दाबल्याचंही. मला वाटलं हसेल. ती पांढरी पडली. म्हणाली, मामा, ती ओळ काळी करून बघू का? भाचा बाहेर होता. तिने पट्ट्याच्या लेखावरची ओळ काळी केली. चांगली ठसठशीत. ‘या लेखासाठी मोबदला घेतला आहे.’ खाली माझ्याकडून आणखी एक ओळ लिहून घेतली, मी हा पट्टा कधीही वापरलेला नाही.

शेवटचं टिंब पडलं आणि पट्टा गळून जमिनीवर पडला. पायावर सगळीकडे वळ. पण सुटला.

आम्ही दोघं किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग ती उठली आणि तिने हीटरच्या लेखावरची ओळही काळी केली. मी तिच्या पाया पडायला गेलो. ती ओरडली, काय करता मामा!

१८ डिसेंबर

भाच्याला कळलं. हीटरच्या कंपनीचा फोन आला होता. त्याने सगळ्या ओळी परत पांढऱ्या केल्या आणि पासवर्ड बदलला. सूनबाईला म्हणाला, तुला पुण्य करायची एवढी हौस असेल तर माहेरी जाऊन कर. मला म्हणाला, मामा, ज्या ताटात खाता त्यातच थुंकता?

मी पट्ट्याचे वळ दाखवले. तो म्हणाला, म्हातारपणाची सूज आहे.

पट्ट्यानंतरचा लेख कानाच्या मशीनचा. त्यानंतरचा हीटरचा. बाई ओळीने घेत आहेत. वहीत घेतात तसं, पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न.

१९ डिसेंबर

मशीन कानात आहे. कधी गेलं कळलं नाही. निघत नाही.

माझ्या पलंगामागची भिंत बाहेरची आहे. तिच्यापलीकडे बोळ, कचऱ्याचे डबे, एवढंच. तिथे खोली नाही. तरी तिथे कोणी तरी कुजबुजतं आहे. भर दुपारी. सुरुवातीला वाटलं कोणी मोजतं आहे. मग कळलं. शुद्धलेखन सांगतात तसं चाललं आहे. एक शब्द, थांबायचं, परत तोच शब्द.

दार—दार. खिडकी—खिडकी. घट्ट—घट्ट. लावून.

मधूनच पुरुषाचा खोकला. आणि बाई म्हणतात, अहो, जरा दम धरा, भाऊंचं लिहून होऊ दे.

२० डिसेंबर

भाच्याने कागदावर सही घेतली. त्यात लिहिलं आहे की सगळे लेख मी माझ्या मर्जीने, कुणाकडून काही न घेता लिहिले आणि परिणामांना मीच जबाबदार आहे. त्या मुलाने वकील केला आहे म्हणे. मी विचारलं, म्हणजे मला पकडतील का रे? तो म्हणाला, तुमच्या वयाच्या माणसाला कोण आत टाकतंय, मामा. आणि टाकलंच, तर खाट मिळेलच. तुम्हाला सवय आहे.

हसला.

मी सही केली. त्याने मनगट धरून करवून घेतली.

पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. दुसरंच काही तरी वाटलं. गरम. छातीतून वर येणारं.

२१ डिसेंबर

खिडकी उघडी ठेवतो. पाठ फिरवली की बंद. चार वेळा. खिट्टीत चमचा अडकवला, चमचा वाकून पलंगावर पडलेला.

हीटर पेटवलेला नाही. तरी खोली गरम.

सूनबाईला म्हटलं, मला इथून दुसरीकडे झोपव. तिने बाहेरच्या बाकावर गादी घातली. जागा झालो तेव्हा मी आतच, पलंगावर. पांघरूण नीट खोचलेलं. आईने खोचावं तसं.

२२ डिसेंबर

आज भिंतीशी बोललो. शाळेत उभं राहावं तसा उभा राहिलो. म्हटलं, बाई, वाक्य माझं. ते बटणही मीच दाबलं. ते नाकारत नाही. पण ओळ पांढरी केली ती माझ्या भाच्याने. ती काळी असती तर तुम्ही विश्वास ठेवला असता का? उत्तर काय द्यायचं तेही त्यानेच सांगितलं. तुमच्या मुलाचं लिहिलेलं त्यानेच पुसलं, आणि पुसताना काय म्हणाला तेही सांगितलं. शब्दन् शब्द.

कुजबूज थांबली.

मग बाई म्हणाल्या, अगदी कानात, की त्यांना घेऊन या, भाऊ.

मी विचारलं, आणलं तर मला सोडाल?

बाई म्हणाल्या, आणा तर खरं.

२३ डिसेंबर, सकाळ

आपोआप जमून आलं. हीटरच्या कंपनीला नवा फोटो हवा आहे. आजोबा पलंगावर, खिडकी बंद, हीटर पेटलेला. भाचा दुपारी स्वतः काढणार आहे.

त्याला सांगावं का? एकदा सांगून बघतो. बहिणीचा मुलगा आहे.

सांगितलं. सगळं सांगितलं, आत येऊ नकोस म्हटलं. म्हणाला, मामा, नाटकं बंद. फोटो झाला की संध्याकाळी तुमची पेटी भरा, वसतिगृहात कळवलं आहे. तुमच्या जागी दुसरे आजोबा बघितले आहेत, ते कमी कुरकुर करतात.

बरं.

मी माझं काम केलं. आता माझ्या डोक्यावर काही नाही.

सूनबाईला औषध आणायला पाठवलं. लांबच्या दुकानातलं सांगितलं, जवळच्या दुकानात मिळत नाही म्हणालो. तिने काळी केली होती ओळ. तिला नको.

दुपार

फोटो काढतो आहे. दारालाच टेकून उभा. मला म्हणतो, हसा. मी हसतो आहे. खरंच हसू येतं आहे—

हीटर त्याने पेटवला. त्यानेच. मी हात लावला नाही—

आता मी बाहेर जायचं. तसं ठरलं होतं. दार उघडतो—

उघडत नाही.

कडी काढलेली आहे. तरी नाही.

बाई, मी आणलं ना त्याला. बाई—

म्हणतात, दोघांनीही बसा.

भाचा दार ठोठावतो आहे. खिडकीवर स्टूल मारलं. काचेला ओरखडा नाही. फोन लावला, फोनमध्येही बाईच—शब्द सांगतात. त्याने फोन फेकला. माझ्या गळ्याला धरलं, म्हणाला, थेरड्या, काय केलंस? मी म्हटलं, मी काही केलं नाही. मी नुसतं मनात आणलं.

मग सोडलं त्याने. पलंगावर बसला, मग आडवा झाला. डोकं ठणकतं म्हणतो—

माझंही. डोळ्यापुढे ठिपके. मी जमिनीवर, दाराच्या फटीला नाक लावून लिहितो आहे. इथे थोडी हवा आहे. त्याला सांगितलं नाही.

मामा म्हणाला आत्ता. लहानपणी म्हणायचा तसं. मामा, खिडकी.

मी सरकलो नाही.

बाई त्याच्या उशाशी आहेत. दिसत नाहीत, पण पांघरूण खोचलं गेलं—

बाहेर चप्पल वाजली. सूनबाई. इतक्या लवकर—दुकान बंद असेल—हाक मारते. मामा, म्हणते, वास कसला—

हे पान फाडून फटीतून सरकवतो—

सूनबाई, दार ढकलू नकोस. काचही फोडू नकोस. थोडा वेळ. घाई नको. तो अजून श्वास घे—